कागद नसलेली एंट्री: वर्ल्डकॉमच्या हिशेबखात्यातलं प्रकरण

21 जुलै 2002 रोजी वर्ल्डकॉम या अमेरिकी दूरसंचार कंपनीने न्यूयॉर्कच्या न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला. तिच्या पुस्तकांत तेव्हा 100 अब्ज डॉलरहून अधिक मालमत्ता दिसत होती. अमेरिकेत तोवर एवढी मोठी कंपनी कधी बुडाली नव्हती. हा विक्रम 2008 मध्ये लेहमन ब्रदर्स या गुंतवणूक बँकेने मोडला.

या प्रकरणाबद्दल बोलताना मुख्य कार्यकारी अधिकारी बर्नार्ड एबर्स आणि वित्तप्रमुख स्कॉट सलिव्हन ही दोन नावं घेतली जातात आणि ते बरोबरच आहे. मला मात्र त्यांच्याखालच्या टेबलाकडे बघायचं आहे, जिथे आकडे प्रत्यक्ष संगणकात चढवले गेले. सलिव्हन यांनी स्वतः खतावणीत एक ओळही टाकली नव्हती. ते काम पगारदार हिशेबनिसांनी केलं, आणि पहिल्या दिवसापासून त्यांना ते चुकीचं आहे हे कळत होतं. त्यांची नावं न्यायालयाच्या कागदपत्रांत आहेत. इथे ती देत नाही, कारण माझ्या दृष्टीने प्रश्न त्या खुर्चीचा आहे. त्यांच्यातल्या एकीचा उल्लेख मी फक्त ‘व्यवस्थापक बाई’ असा करतो.

पार्श्वभूमी

1983 मध्ये मिसिसिपी राज्यात काही जणांनी मिळून ही कंपनी काढली. टेलिफोनवरची ‘एटी अँड टी’ची मक्तेदारी तेव्हा मोडली जात होती. लांब पल्ल्याच्या कॉलची मिनिटं घाऊक भावात विकत घ्यायची आणि ती छोट्या व्यावसायिकांना किरकोळीने विकायची, असा सरळ धंदा. 1985 मध्ये एबर्स प्रमुख झाले. ते मोटेल चालवणारे गृहस्थ होते. तंत्रज्ञान त्यांचा प्रांत नव्हता, पण खर्चावर नजर पक्की आणि सौदा करण्याची हौस दांडगी.

पुढच्या पंधरा वर्षांत कंपनीने साठाहून जास्त कंपन्या विकत घेतल्या. बहुतेक सौद्यांत रोख पैशांऐवजी स्वतःचे शेअर दिले. 1998 मध्ये ‘एमसीआय’ ही आपल्यापेक्षा कितीतरी मोठी कंपनी सुमारे 37 अब्ज डॉलरना घेतली, तीही अशीच. शेअरचा भाव चढा असेल तोवर हे चक्र फिरत राहतं. भाव पडला की पुढची खरेदी थांबते आणि कंपनी आतून खरंच किती कमावते हा प्रश्न उघडा पडतो. जून 1999 मध्ये शेअर 64.50 डॉलरवर होता. ‘स्प्रिंट’ ही दुसरी दूरसंचार कंपनी घेण्याचा बेत मात्र 2000 च्या जुलैत, अमेरिका आणि युरोप दोन्हीकडच्या नियामकांच्या विरोधामुळे सोडून द्यावा लागला. तोपर्यंत दूरसंचार क्षेत्रातली तेजीही ओसरू लागली होती.

एबर्स यांची स्वतःची अडचण वेगळीच होती. गुराढोरांचं रँच, जंगलांची जमीन, बोटींचा व्यवसाय असं बरंच काही त्यांनी कर्जावर घेतलं होतं आणि तारण ठेवले होते वर्ल्डकॉमचे शेअर. भाव उतरला की बँका जादा तारण मागत. संचालक मंडळाने तोडगा काढला तो असा, की कंपनीनेच त्यांना कर्ज आणि हमी मिळून 40 कोटी डॉलरहून जास्तीचा आधार दिला. प्रमुखाचं घर शेअरच्या भावावर उभं असताना त्या भावाला जपणारे आकडे कुठून येतात हे मंडळाने विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

मुख्यालय क्लिंटन नावाच्या छोट्या गावात होतं. आसपासच्या कॉलेजांतून हिशेबाची पदवी घेतलेल्यांसाठी याहून चांगली नोकरी त्या परिसरात नव्हती. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरते.

अडचण

वर्ल्डकॉमचा निम्म्याच्या आसपास खर्च एकाच बाबीचा होता, आणि ती म्हणजे दुसऱ्यांच्या तारांचं भाडं. आपल्या ग्राहकाचा कॉल स्थानिक कंपनीच्या जाळ्यातून न्यायचा तर त्या कंपनीला पैसे मोजावे लागत. यालाच ते ‘लाइन कॉस्ट’ म्हणत. इंटरनेटची मागणी आभाळाला भिडणार या हिशेबाने कंपनीने वर्षानुवर्षांच्या मुदतीचे करार करून ठेवले होते. मागणी तेवढी आलीच नाही. दहा गाळे पाच वर्षांच्या कराराने घ्यावेत, त्यातले सहा बंद राहावेत आणि भाडं मात्र दहांचं भरत बसावं, तशी गत झाली.

कंपनीने शेअरबाजाराला सवय लावली होती की उत्पन्नाच्या सुमारे 42 टक्केच लाइन कॉस्टवर जातात. खरं प्रमाण 50 टक्क्यांच्या वर सरकत होतं. हा फरक कुठेतरी लपवायचा होता.

पहिला मार्ग तरतुदींचा. दुसऱ्या कंपन्यांची बिलं कित्येक महिने उशिरा येत, म्हणून दर तिमाहीला अंदाजाने तरतूद करून ठेवावी लागे. प्रत्यक्ष बिल कमी आलं तर उरलेली रक्कम खर्चातून वजा करता येते. यात गैर काहीच नाही, फक्त ती खरंच उरली आहे याचा कागद हवा. ऑक्टोबर 2000 मध्ये, तिसऱ्या तिमाहीची पुस्तकं बंद करताना, हिशेबखात्याला वरून आदेश आला की तरतुदींतून 82.8 कोटी डॉलर काढा आणि तेवढा खर्च कमी दाखवा. कोणत्या बिलापोटी, कोणत्या करारापोटी, काहीही सोबत नव्हतं. एका तिमाहीत, एका आदेशावर, 82.8 कोटी डॉलर.

पहिला निर्णयक्षण: ऑक्टोबर 2000

आदेशाची साखळी अशी: सलिव्हन, त्यांच्याखाली कंट्रोलर, म्हणजे हिशेबखात्याचे प्रमुख, डेव्हिड मायर्स, त्यांच्याखाली सर्वसाधारण हिशेबाचे संचालक, आणि तळाशी व्यवस्थापक बाई आणि त्यांचे एक सहकारी. रक्कम ऐकून दोघंही हादरली. ही एंट्री योग्य नाही असं त्यांनी आपल्या वरिष्ठांना तोंडावर सांगितलं. वरिष्ठालाही ती पसंत नव्हती. मायर्सनाही नव्हती. तीन पायऱ्यांवरच्या चारही माणसांना जे पटत नव्हतं ते तरीही घडलं, कारण प्रत्येकाने आपला आक्षेप फक्त एक पायरी वर पोहोचवला आणि उत्तराची वाट पाहिली. उत्तर आलं ते असं: हे एकदाच, पुन्हा होणार नाही.

बाईंनी एंट्री टाकली. 26 ऑक्टोबरला निकाल जाहीर झाले. त्यानंतर त्या आणि त्यांचे सहकारी राजीनाम्याची पत्रं लिहायला बसले.

त्या क्षणी त्यांच्यापुढे काय काय होतं ते नीट मांडायला हवं. राजीनामा देऊन गप्प निघून जाणं हा एक मार्ग. घर मुख्यतः त्यांच्या पगारावर चालत होतं, आणि चाळिशीनंतर त्याच भागात तशी नोकरी मिळण्याची आशा नव्हती. दुसरा मार्ग कंपनीच्या अंतर्गत लेखापरीक्षण विभागाकडे जाण्याचा. तो विभाग त्याच इमारतीत होता, पण त्याची प्रमुखही शेवटी सलिव्हन यांनाच उत्तरदायी. तिसरा, बाहेरच्या लेखापरीक्षकांना, म्हणजे आर्थर अँडरसन या फर्मला गाठणं. चौथा, संचालक मंडळाच्या लेखापरीक्षण समितीला लिहिणं. एका व्यवस्थापकाने समितीला पत्र लिहायचं ही कल्पनाच तिथल्या रीतीत बसणारी नव्हती. पाचवा मार्ग सर्वांत साधा होता, तो म्हणजे आदेश लेखी मागणं. आणि शेवटचा, थांबणं.

राजीनाम्याची कुणकुण लागताच सलिव्हन यांनी दोघांना बोलावून घेतलं. 1998 मध्ये देशातल्या उत्तम वित्तप्रमुखांपैकी एक म्हणून गौरवलेला हा माणूस. त्यांनी विमानवाहू जहाजाचा दाखला दिला. विमानं हवेत आहेत, ती उतरेपर्यंत थांबा, मग जायचं तर खुशाल जा. तुम्ही बेकायदेशीर काही केलेलं नाही, जबाबदारी माझी, असंही सांगितलं. पुढच्या तिमाहीपासून बाजाराला दिलेले अंदाजच खाली आणू, म्हणजे आकडे फिरवायची वेळ येणार नाही, असा दिलासाही मिळाला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला कंपनीने अंदाज खरंच खाली आणले.

बाई थांबल्या.

मी या बैठकीवर पुन्हा पुन्हा येतो. धमकी नव्हती, लाच नव्हती. मोठ्या, हुशार, सर्वांना आदर वाटणाऱ्या साहेबांनी समजूत घातली, एवढंच. हिशेबखात्यात काम केलेल्या कोणालाही ही बैठक ओळखीची वाटेल, आकडा फक्त लहान असेल. आणि जबाबदारी माझी हे वाक्य कायद्यात कुठेच बसत नाही. एंट्री ज्याच्या लॉगिनमधून गेली त्याची सही त्यावर असते. तोंडी दिलेली हमी त्या सहीला पुसत नाही.

चौथ्या तिमाहीत पुन्हा तोच प्रकार झाला, 40.7 कोटी डॉलरचा. अंदाज खाली आणूनही पुरलं नव्हतं. 2001 च्या सुरुवातीला बाईंना बढती आणि पगारवाढ मिळाली.

खर्चाची मालमत्ता झाली

तरतुदींचं भांडं खरवडून संपलं तेव्हा दुसरी युक्ती निघाली. 2001 च्या पहिल्या तिमाहीत 77.1 कोटी डॉलरची लाइन कॉस्ट सरळ भांडवली खात्यांत टाकायचं ठरलं. आधी सांगितलेल्या बंद गाळ्यांचंच उदाहरण घ्या. भाडं दिलं त्या महिन्यात ते नफा-तोटा पत्रकात खर्च म्हणून नावे पडायला हवं. वर्ल्डकॉमने ते भाडं जणू गाळा विकत घेतल्याची किंमत आहे असं दाखवून ताळेबंदात चढवलं. मग त्यावर वर्षानुवर्षं थोडा थोडा घसारा. खर्च गेला, नफा राहिला. महसुली खर्च आणि भांडवली खर्च यांतला फरक आपल्याकडे अकरावी-बारावीच्या वाणिज्य शाखेत शिकवतात. या घोटाळ्याची भीषणता मला इथेच जाणवते. यात कोणतंही गुंतागुंतीचं आर्थिक शास्त्र नव्हतं.

सलिव्हन यांचं समर्थन असं, की या तारा भविष्यात उत्पन्न देणार आहेत, म्हणून त्यांचं भाडंही भविष्यातच खर्ची पडावं. पण वापरून संपलेल्या महिन्याचं भाडं भविष्यात कसं जाईल?

77.1 कोटी कोणकोणत्या मालमत्ता-खात्यांत किती किती पसरायचे हे ठरवण्याचं काम व्यवस्थापक बाईंच्या टेबलावर आलं. त्यांनी ते केलं आणि एंट्रींवर आधीची, फेब्रुवारीची तारीख घातली. या टप्प्यावर त्यांची भूमिका बदलली, आणि माझ्या मते प्रकरणातली ही सर्वांत दुखरी जागा आहे. ऑक्टोबरमध्ये त्यांनी दिलेला आकडा दिलेल्या खात्यात टाकला होता. आता आकडा पटण्यासारखा कसा दिसेल याचा विचार त्या स्वतः करत होत्या. झोप उडाली होती, वजन घटत होतं, सहकाऱ्यांशी बोलणं कमी झालं होतं. तरी दर तिमाहीला त्या हे करत राहिल्या: 61 कोटी, 74.3 कोटी, 93.1 कोटी. 2001 या वर्षात एकूण 3.055 अब्ज डॉलरचा खर्च असा गायब झाला. कंपनीने करपूर्व 2.393 अब्ज डॉलरचा नफा जाहीर केला, प्रत्यक्षात 66.2 कोटींचा तोटा होता.

बाहेरच्या लेखापरीक्षकांना हे दिसलं कसं नाही? अँडरसनने आपल्या अंतर्गत वर्गवारीत वर्ल्डकॉमला सर्वाधिक जोखमीचा ग्राहक ठरवलं होतं, पण हे लेखापरीक्षण समितीला सांगितलं नव्हतं. मूळ खतावणी संगणकावर उघडून पाहू द्या, ही त्यांची मागणी कंपनीने नाकारली आणि त्यांनी ते ऐकून घेतलं. ते मुख्यतः गुणोत्तरं पाहत. लाइन कॉस्टचं प्रमाण तिमाहीमागून तिमाही 42 टक्क्यांच्या आसपास स्थिर दिसलं की खोलात जायचं कारण नाही असा निष्कर्ष निघे. सगळं क्षेत्र घसरत असताना एका कंपनीचा आकडा जागचा हलत नाही, हीच तर खूण होती.

दुसरा निर्णयक्षण: मे-जून 2002

अंतर्गत लेखापरीक्षणाच्या उपाध्यक्ष सिंथिया कूपर यांचं काम खरं तर आर्थिक हिशेब तपासण्याचं नव्हतंच. त्यांची छोटी टीम कामकाजातली कार्यक्षमता बघे. 2002 च्या सुरुवातीला वायरलेस विभागाच्या प्रमुखाने त्यांच्याकडे गाऱ्हाणं नेलं की बुडीत येण्यांसाठी राखलेले 40 कोटी डॉलर वरून परस्पर काढून घेतले जात आहेत. कूपर यांनी अँडरसनला विचारलं. त्यांनी झटकून टाकलं. सलिव्हन यांनी, हे तुमचं क्षेत्र नाही, असं स्पष्ट सुनावलं. मार्चमध्ये शेअरबाजार नियामकाने कंपनीकडे माहिती मागितली, एप्रिलअखेर एबर्स यांना पद सोडावं लागलं. अँडरसन एन्‍रॉनच्या खटल्यात अडकल्याने त्यांच्या जागी केपीएमजी ही दुसरी लेखापरीक्षण फर्म आली.

मे महिन्यात कूपर यांच्या एका सहकाऱ्याने त्यांना टेक्सासमधल्या एका स्थानिक साप्ताहिकातला लेख पाठवला. भांडवली खर्चाच्या नोंदींबद्दल तक्रार केली म्हणून नोकरी गेलेल्या एका माजी कर्मचाऱ्याची हकीकत त्यात होती. कूपर यांनी भांडवली खर्चाची तपासणी ठरल्या वेळेच्या आधीच हाती घेतली.

वित्त विभागात विचारपूस करताना एक शब्द कानावर आला: ‘प्रीपेड कपॅसिटी’. म्हणजे काय, हे कोणालाच सांगता येईना. ज्याला विचारावं तो वरच्याकडे बोट दाखवी. टीममधला संगणकात तरबेज असा एक सहकारी तो शब्द धरून खतावणीत उतरला. मोठे शोध लावले की यंत्रणा मंदावत असे आणि हिशेबखात्याला सुगावा लागला असता, म्हणून तो रात्री काम करी. ग्रंथालय म्हणून ठेवलेल्या, खिडकी नसलेल्या एका खोलीत बसून त्याने नोंदी सीडीवर उतरवून घेतल्या. 28 मे रोजी त्याला 50 कोटी डॉलरची एक एंट्री सापडली. संगणक-खर्चाच्या नावाने भांडवली खात्यात गेलेली. मागे ना बिल, ना खरेदी-आदेश, ना मंजुरी. त्यानंतर एकामागून एक निघत गेल्या. काही दिवसांतच बेरीज दोन अब्जांच्या पुढे गेली.

पुढे काय करायचं हा कूपर यांच्यापुढचा प्रश्न ऑक्टोबर 2000 मधल्या प्रश्नाचाच भाऊ होता. सलिव्हन हे त्यांचेही साहेब. त्यांनाच थेट विचारावं, तर नोंदी बदलल्या जाण्याची भीती. अँडरसनचा अनुभव आलेला. केपीएमजी नवी, कंपनीची ओळखही नाही. नियामकाकडे जावं, तर एखादं साधं स्पष्टीकरण निघाल्यास हजारोंच्या नोकऱ्या आपण हकनाक धोक्यात घातल्या असं होईल. त्यांनी ठरवलं की आधी पुरावा पुरता गोळा करायचा, तोवर बाहेर शब्द नाही, आणि मग लेखापरीक्षण समिती.

11 जूनला सलिव्हन यांनीच त्यांना बोलावलं आणि ही तपासणी काही महिने पुढे ढकला असं सुचवलं. कूपर यांनी नकार दिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी समितीचे अध्यक्ष मॅक्स बॉबिट यांच्याशी संपर्क साधला. चोवीस तासांचं हे अंतर मला फार मोलाचं वाटतं. साहेबांनी समजूत घातल्यानंतर विचार करत बसायला त्यांनी स्वतःला आठवडा दिला नाही.

17 जूनला कूपर आणि त्यांचे सहकारी हिशेबखात्यात टेबलामागून टेबल फिरले. प्रश्न एकच: या एंट्रींचा आधार दाखवा. व्यवस्थापक बाईंनी मान्य केलं की एंट्री आपण टाकल्या. आधार आपल्याकडे नाही, वरून आलं ते केलं. त्यांच्या वरिष्ठाने कंट्रोलरकडे पाठवलं. मायर्स यांनी फारसे आढेवेढे घेतले नाहीत. हवा तर आधार मागाहून तयार करता येईल, पण तो आपण करणार नाही, असं त्यांनी सांगितलं. हे पहिल्यापासून पटत नव्हतं, पण एकदा सुरू झाल्यावर थांबवणं कठीण झालं, हेही त्यांनी कबूल केलं. वीस महिन्यांचं गुपित एका दिवसात उलगडलं, कारण कोणीतरी कागद मागितला. त्याआधी वीस महिने तो कोणीच मागितला नव्हता.

20 जूनला समितीपुढे सलिव्हन यांनी आपली बाजू लेखी मांडण्यासाठी शनिवार-रविवारची मुदत घेतली. त्यांचं टिपण कोणालाच पटलं नाही. मायर्स यांनी राजीनामा दिला. सलिव्हन देईनात, त्यांना काढलं. 25 जूनला कंपनीने जाहीर केलं की पाच तिमाहींत 3.8 अब्ज डॉलरहून जास्त खर्च चुकीच्या खात्यांत दाखवला गेला आहे.

निष्पत्ती

17,000 लोकांच्या नोकऱ्या लगोलग गेल्या. निवृत्तीच्या पुंजीत कंपनीचेच शेअर बाळगून बसलेल्या कर्मचाऱ्यांच्या हाती काही उरलं नाही. तपास पुढे सरकला तसा फिरवलेल्या हिशेबाचा एकूण आकडा 11 अब्ज डॉलरच्या घरात गेला. 30 जुलै 2002 रोजी, कंपन्यांच्या हिशेबावरचे नियम कडक करणाऱ्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्यावर सही झाली. एन्‍रॉननंतर रेंगाळलेलं विधेयक वर्ल्डकॉममुळे धावत सुटलं. गुंतवणूकदारांना दाव्यांतून सहा अब्जांहून जास्त मिळाले, त्यातला मोठा वाटा रोखे विकणाऱ्या बँकांचा. माजी संचालकांनाही स्वतःच्या खिशातून पैसे भरावे लागले, ही त्या काळी दुर्मीळ गोष्ट. कंपनी 2004 मध्ये एमसीआय या नावाने दिवाळखोरीतून बाहेर आली आणि 2006 मध्ये व्हेरायझन या दूरसंचार कंपनीत विलीन झाली.

एबर्स यांना 25 वर्षांची शिक्षा झाली. प्रकृतीमुळे डिसेंबर 2019 मध्ये सुटका आणि फेब्रुवारी 2020 मध्ये मृत्यू. त्यांच्याविरुद्ध साक्ष देणाऱ्या सलिव्हन यांना पाच वर्षं. मायर्स आणि सर्वसाधारण हिशेबाचे संचालक यांना प्रत्येकी एक वर्ष आणि एक दिवस.

व्यवस्थापक बाई आणि त्यांचे सहकारी तपास अधिकाऱ्यांकडे स्वतःहून बोलायला गेले होते. आपण साक्षीदार ठरू अशी त्यांची समजूत होती. सरकारी वकिलांनी त्यांना आरोपी केलं. वरिष्ठांचा आदेश पाळला हा बचाव चालला नाही. ऑक्टोबर 2002 मध्ये बाईंनी गुन्हा कबूल केला. ऑगस्ट 2005 मध्ये पाच महिने तुरुंग आणि पाच महिने घरात स्थानबद्धता अशी शिक्षा झाली; सहकाऱ्याला तुरुंगाऐवजी तीन वर्षांची देखरेख (प्रोबेशन). कटातल्या सर्वांत कमी दोषी व्यक्तींपैकी त्या एक आहेत हे न्यायाधीशांनी मान्य केलं. पण त्यांनी सुरुवातीलाच नकार दिला असता तर हा कट कदाचित अंकुरतानाच खुडला गेला असता, हेही त्यांनी सुनावलं.

काय वेगळं करता आलं असतं

न्यायाधीशांचं म्हणणं कायद्याच्या अंगाने बरोबर असेल, मला ते अर्धंच पटतं. बाईंनी नकार दिला असता तर सलिव्हन यांना दुसरं टेबल सापडलं नसतं असं कोण म्हणेल? पण त्यांचा नकार कागदावर आला असता तर दुसऱ्या टेबलाचं काम अवघड झालं असतं एवढं नक्की. ऑक्टोबर 2000 मध्ये चार ओळींचा ईमेल पुरेसा होता: अमुक रकमेची एंट्री करायला सांगितली आहे, आधाराची कागदपत्रं मिळालेली नाहीत, ती पाठवावीत, मग नोंद करते. यात आरोप नाही, उद्धटपणा नाही. ज्यांच्याकडे कागद असतो ते तो पाठवतात. ज्यांच्याकडे नसतो त्यांना एकतर थांबावं लागतं किंवा तोंडी आदेश लेखी द्यावा लागतो, आणि सलिव्हन यांनी तो दिला असता असं मला वाटत नाही. माझ्या हाताखाली सीएची उमेदवारी करायला येणाऱ्या प्रत्येक आर्टिकलला मी हा ईमेल पहिल्या आठवड्यात लिहायला लावतो, म्हणजे वेळ येईल तेव्हा शब्द शोधावे लागत नाहीत.

राजीनाम्याबद्दलही माझं मत स्पष्ट आहे. नुसता राजीनामा हा इथे उपाय नव्हता. एंट्री टाकून झाली होती, निकाल बाहेर गेले होते. निघून जाऊनही ती सही मागे राहिलीच असती. त्या आठवड्यात अर्ध्या दिवसासाठी एखाद्या बाहेरच्या वकिलाचा सल्ला घेतला असता तर आपण साहेबाच्या नव्हे, स्वतःच्या नावावर उभ्या आहोत हे त्यांना कळलं असतं. वकील त्यांनी गाठला तो सगळं उघड झाल्यावर.

व्यवस्थेच्या बाजूने पाहिलं तर दोन दारं उघडीच होती. पुस्तकं बंद होताना, मुख्यालयातून, गोल आकड्यांत टाकलेल्या मोठ्या एंट्रींची वेगळी यादी दर तिमाहीला समितीपुढे गेली असती तर 82.8 कोटींची ओळ पहिल्याच पानावर दिसली असती. आणि कूपर यांची नेमणूक, पगार, कामाची आखणी सलिव्हन यांच्या हातात नसती तर वायरलेसच्या 40 कोटींवरच तपास पुढे गेला असता. आपल्याकडे आता हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग राहणं कंपन्यांना 1 एप्रिल 2023 पासून बंधनकारक आहे, म्हणजे मागची तारीख घालून केलेली नोंद कोणी, केव्हा केली ते दिसतं. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 177 नुसार शेअरबाजारात सूचीबद्ध असलेल्या कंपन्यांत कर्मचाऱ्याला तक्रारीचं दार हवं आणि गरज पडल्यास लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांपर्यंत थेट जाता यायला हवं. आपल्या कंपनीत ते दार कुठे आहे, कोणत्या पत्त्यावर लिहायचं, हे हिशेबखात्यातल्या किती जणांना ठाऊक असतं हे एकदा विचारून पाहावं. मी विचारतो तेव्हा बहुतेक जण एचआरचं नाव सांगतात.

राहता राहिला टेक्सासमधला तो माजी कर्मचारी. त्याला 2000 च्या डिसेंबरमध्ये मजुरीचा खर्च भांडवली कामांत टाकायला सांगितलं गेलं, तेव्हाच त्याने आक्षेप घेतला आणि तो वरपर्यंत नेला. मार्च 2001 मध्ये त्याची नोकरी गेली. व्यवस्थापक बाई 77.1 कोटींच्या एंट्री मागच्या तारखेला टाकत होत्या ती तिमाही हीच. तो आक्षेप मुख्यालयातल्या लेखापरीक्षकांच्या हाती पडायला पुढचे चौदा महिने लागले, आणि तोही कंपनीच्या कोणत्याही फाइलमधून आला नाही, गावातल्या साप्ताहिकातून आला.